न दाबलेली कळ

घणसोली आणि तुर्भे या स्थानकांच्या मधे वसलेले आणि सिडकोने सेक्टरांत आखलेले कोपरखैरणे हे नवी मुंबईतील दाट वस्तीचे उपनगर आहे. तेथील किराणा मालाच्या, औषधांच्या आणि वह्या-पुस्तकांच्या अनेक दुकानांत आज गल्ल्यावर एक संगणक, त्याचा कीबोर्ड आणि वायरीच्या टोकाला बारकोड स्कॅनर अशी मांडणी दिसते. साबणाच्या वडीवरील काळ्या-पांढऱ्या रेघांवर लाल प्रकाश पडतो, बारीकसा आवाज होतो आणि पडद्यावरील बिलात त्या साबणाचे नाव आणि किंमत उमटते. या व्यवहारात संगणकाला रेघा कधीच दिसलेल्या नसतात आणि स्कॅनर नावाची काही वस्तू आपल्याला जोडलेली आहे हेही बहुतेक वेळा त्याला ठाऊक नसते. त्याच्या लेखी इतकेच घडलेले असते की कोणीतरी कीबोर्डवर तेरा आकडे भराभर टाइप केले आणि शेवटी एंटरची कळ दाबली.

बाहेरून जोडलेल्या उपकरणाने कीबोर्डचे सोंग घ्यावे आणि कोणत्याही बोटाने न दाबलेल्या कळा दाबल्या गेल्याचे संगणकाला कळवावे, या तंत्राला प्रोग्रामिंगच्या व्यवहारात कीबोर्ड एम्युलेशन म्हणतात. मराठीत त्याला कळफलकाचे अनुकरण म्हणता येईल. या तंत्राचा जन्म सोयीतून झाला. बिलाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला बाजारात येणाऱ्या प्रत्येक स्कॅनरची भाषा शिकणे परवडत नाही आणि स्कॅनर बनवणाऱ्यालाही जगातील प्रत्येक सॉफ्टवेअरशी जुळवून घेणे शक्य नसते. कीबोर्ड मात्र दोघांच्याही ओळखीचा असतो. म्हणून स्कॅनर कीबोर्डच्या भाषेत बोलतो, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये स्कॅनरची कसलीही तरतूद नाही, तेही त्याचे म्हणणे निमूटपणे ऐकून घेते.

दुकानातील मालावरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावी, आणि ती वस्तू होती रिग्लीच्या च्युइंगमची एक पुडी. भारतात हे क्रमांक देण्याचे काम जीएस१ इंडिया ही संस्था करते आणि तिने दिलेले क्रमांक ८९० ने सुरू होतात. ८९० चा अर्थ माल भारतात बनला असा नसून क्रमांक भारतात नोंदवला गेला एवढाच आहे, हे अनेकांना माहीत नसते. वैयक्तिक संगणक दुकानांत आले तेव्हा स्कॅनरची वायर कीबोर्ड आणि संगणक यांच्या मधे घातली जाई. कीबोर्डची पिन स्कॅनरच्या दुतोंडी वायरीत बसे, त्या वायरीचे दुसरे टोक संगणकात जाई आणि हातांनी दाबलेल्या कळांच्या प्रवाहातच स्कॅनर आपले आकडे सोडून देई. इंग्रजीत या जोडणीचे नावच पाचर या अर्थाचे आहे, आणि ते अगदी नेमके आहे, कारण सुताराची पाचर जशी दोन लाकडांच्या फटीत बसते तशी ही वायर दोन यंत्रांच्या फटीत बसत असे.

१९९६ साली यूएसबी ही जोडणी आली आणि पाचरीची गरज संपली. यूएसबीमध्ये प्रत्येक उपकरण जोडल्या क्षणी आपली ओळख सांगते. माणसाच्या हाताळणीसाठी असलेल्या कीबोर्ड, माउस अशा उपकरणांचा तेथे एक स्वतंत्र वर्ग आहे आणि त्याचे नाव ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस, आद्याक्षरांनी एचआयडी, असे आहे. स्कॅनर आपण या वर्गातील कीबोर्ड आहोत असे सांगतो आणि संगणक ते मान्य करतो. यासाठी पुरावा मागितला जात नाही, कळा मोजल्या जात नाहीत. त्यानंतर संगणक ठरावीक अंतराने, साधारण दर आठ-दहा मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, उपकरणाला काही सांगायचे आहे का असे विचारत राहतो. उपकरण आपण होऊन कधी बोलत नाही, विचारले की उत्तर देते.

हे उत्तर सर्वांत साध्या रूपात आठ बाइटांचे असते. बाइट म्हणजे ० ते २५५ यांतील एक संख्या. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांसारख्या जोडकळा दाबलेल्या आहेत का ते असते, दुसरा रिकामा असतो आणि उरलेल्या सहांमध्ये त्या क्षणी दाबलेल्या कळांचे क्रमांक असतात. ए या कळेचा क्रमांक ४, बीचा ५, असे करत झेडचा २९. त्यापुढे १ ते ९ या आकड्यांना ३० ते ३८, शून्याला ३९ आणि एंटरला ४०. कोपरखैरणेचा पिनकोड ४००७०९ एखाद्या उपकरणाला टाइप करायचा असेल तर त्याने ३३, ३९, ३९, ३६, ३९, ३८ या कळा कळवायच्या. नवख्या प्रोग्रामरची पहिली चूक इथेच होते. ३९ हा क्रमांक लागोपाठच्या दोन उत्तरांत गेला, तर शून्य दोनदा दाबले असा अर्थ संगणक काढत नाही. एकच कळ अजून दाबलेलीच आहे असे तो समजतो आणि पिनकोड ४०७०९ असा पाच आकडी होतो. म्हणून दोन शून्यांच्या मधे सगळी कळस्थाने शून्य असलेले, म्हणजे बोट उचलल्याचे सांगणारे, एक कोरे उत्तर पाठवावे लागते. उलट शेवटची कळ सोडल्याचे कळवायचे राहून गेले, तर संगणक तीच कळ दाबून धरली आहे असे मानून ९९९९९९ लिहीत सुटतो. प्रत्येक आकड्याला दाबणे आणि सोडणे अशी दोन उत्तरे धरली, तर बारकोडचे तेरा आकडे आणि एंटर यांना मिळून अठ्ठावीस उत्तरे लागतात आणि दहा मिलिसेकंदांच्या हिशोबाने सारे काम सेकंदाच्या पाव भागाहून थोड्याच जास्त वेळात आटोपते.

वरच्या क्रमांकांत एक गोष्ट दडलेली आहे आणि मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने या विषयाचे सारे मर्म तिच्यात आहे: हे क्रमांक अक्षरांचे नसून जागांचे आहेत. १४ म्हणजे के हे अक्षर नव्हे. इंग्रजी कीबोर्डवर ज्या जागी के छापलेले असते त्या जागेची कळ, एवढाच त्याचा अर्थ. टाइपरायटरवर असे नव्हते. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला; त्या यंत्रात कळ आणि अक्षर एकाच दांड्याने जखडलेले होते, त्यामुळे देवनागरीसाठी यंत्रच वेगळे घडवावे लागे. संगणकात हा दांडा तुटला. कळ फक्त जागा सांगते आणि त्या जागेवरून कोणते अक्षर उमटायचे ते संगणकात निवडलेला कळफलक-आराखडा ठरवतो. भारतीय भाषांसाठी असा प्रमाण आराखडा म्हणजे इनस्क्रिप्ट. भारतीय मानक ब्युरोने १९९१ च्या मानकात त्याचा समावेश केला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बव्हंशी उजव्या हाताला आहेत.

हा आराखडा निवडलेला असताना एखाद्या उपकरणाने पुढील कळा कळवल्या तर काय होते ते पाहण्यासारखे आहे: १४, ४, ११, १३, शिफ्टसह १४, २६, १३, शिफ्टसह ६ आणि २२. इंग्रजीत या जागा के, ए, एच, जे, मोठा के, डब्ल्यू, जे, मोठा सी आणि एस यांच्या आहेत, आणि इंग्रजी आराखड्यात त्यांतून निरर्थक अक्षरमाला उमटते. इनस्क्रिप्टमध्ये मात्र याच नऊ कळांतून क्रमाने क, ओची मात्रा, प, र, ख, ऐची मात्रा, र, ण आणि एची मात्रा येतात आणि पडद्यावर ‘कोपरखैरणे’ हा शब्द उभा राहतो. उपकरण बनवणाऱ्याने देवनागरीचे नावही ऐकलेले नसले तरी चालते. संगणकावर मराठी नांदू शकली, त्यात अनेकांच्या कष्टांबरोबर अक्षराला कळेपासून सोडवणाऱ्या या रचनेचाही मोठा वाटा आहे आणि त्याची जाण असायला हवी.

क्रमाचेही भान ठेवावे लागते. जुन्या टाइपरायटरच्या वळणाच्या टंकलेखनात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबतात, कारण ती कागदावर आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. ‘किराणा’ लिहिणाऱ्या उपकरणाने १४ नंतर ९ पाठवायला हवा. आधी ९ पाठवला तर वेलांटी निराधार होऊन ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसते.

मात्र जी रचना मराठीला जागा करून देते, तीच दुकानाच्या गल्ल्यावर अडचणही उभी करते. ग्राहकाचे नाव मराठीत लिहिण्यासाठी कीबोर्ड इनस्क्रिप्टवर नेला आणि तो परत इंग्रजीवर आणायचा राहिला, की स्कॅनरने कळवलेल्या जागांचा अर्थ बदलतो. मूळ इनस्क्रिप्टमध्ये वरच्या ओळीवर देवनागरी अंक आहेत. काही संगणकप्रणालींनी तेथे इंग्रजी अंक कायम ठेवले, पण जेथे देवनागरी अंक आहेत तेथे 8 ऐवजी ८ उमटतो. वाचणाऱ्याला दोन्ही आठच. संगणकाला ते दोन परके संकेत वाटतात, कारण इंग्रजी 1 चा युनिकोड क्रमांक ४९ आहे आणि देवनागरी १ चा २४०७. मालाच्या यादीत इंग्रजी अंकांनी नोंदलेला साबण अशा वेळी सापडत नाही, आणि रेघा स्वच्छ, स्कॅनर धडधाकट, क्रमांक डोळ्यांना बरोबर दिसत असूनही ‘वस्तू उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. सामानावरच्या संकेतात अक्षरे असतील तर त्यांच्या जागी मात्रा आणि व्यंजने मिसळलेली ओळ येते आणि निदान चूक लगेच लक्षात तरी येते; केवळ आकड्यांची चूक जास्त फसवी असते.

यावर उपाय आहेत आणि ते दुकानदाराच्या हाती असलेल्या पुस्तिकेतच असतात, कारण बहुतेक स्कॅनरांची मांडणी पुस्तिकेत छापलेले विशिष्ट बारकोड वाचवूनच बदलता येते. अनेक स्कॅनरांना वरच्या ओळीऐवजी उजवीकडच्या अंकपट्टीच्या कळा कळवायला सांगता येते. त्या कळांना वेगळे क्रमांक आहेत आणि त्यांवर भाषेच्या आराखड्याचा सहसा परिणाम होत नाही. विंडोजवर ऑल्ट दाबून अंकपट्टीवरून अक्षराचा संकेतांक देण्याचीही एक रीत आहे, ती संथ आहे पण आराखड्याच्या पलीकडे जाते. सर्वांत सरळ मार्ग असा की स्कॅनरने सोंग सोडून सिरियल पोर्ट म्हणून, म्हणजे एकामागून एक अक्षरे वाहून आणणारी साधी नळी म्हणून, जोडले जावे आणि सॉफ्टवेअरने ती अक्षरे थेट वाचावीत. पण त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये तशी तरतूद लागते. मराठी बाजारपेठेसाठी बिलाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी क्रमांकाच्या रकान्यात आलेले देवनागरी अंक तेथल्या तेथे इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत. हे काम दोन-चार ओळींचे आहे आणि ते न करण्याला कोणतेही सबळ कारण नाही.

असे उपकरण स्वतः बनवणे आज विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आहे. आर्डुइनो लिओनार्डो या छोट्या पाटीवरील एटीमेगा३२यू४ ही चिप यूएसबीची भाषा स्वतः बोलते, त्यामुळे ती कीबोर्ड म्हणून उभी राहू शकते. त्याच घराण्यातील उनो या जास्त परिचित पाटीला मूळ रूपात हे जमत नाही, कारण तिच्यावर यूएसबीचे काम वेगळी चिप सिरियल पोर्ट म्हणून करते. लिओनार्डोच्या प्रोग्राममध्ये कीबोर्डची लायब्ररी घ्यायची, ‘बिगिन’ने ती सुरू करायची, बटण दाबले गेले की ‘प्रिंट’ने अक्षरे पाठवायची, एवढ्याने काम भागते. ही लायब्ररी आपल्याला अक्षर दिले की त्याची अमेरिकन कीबोर्डवरील जागा शोधून ती कळवते. तिला थेट ‘क’ दिला तर तिच्याकडे त्याची जागाच नसते, म्हणून मराठी शब्द हवा असल्यास वर दाखवल्याप्रमाणे इंग्रजी जागांच्या रूपात तो द्यावा लागतो आणि संगणक इनस्क्रिप्टवर ठेवावा लागतो. बटणाचा धातू एका दाबात काही मिलिसेकंद थरथरतो आणि पाटीला ते अनेक दाब वाटतात, म्हणून पहिल्या स्पर्शानंतर थोडे थांबणेही प्रोग्राममध्ये लिहावे लागते. त्याहून महत्त्वाची दक्षता वेगळी आहे. प्रोग्राम पाटीत उतरवल्या क्षणी ती टाइप करू लागते आणि त्या वेळी संगणकावर उघडी असलेली खिडकी म्हणजे तोच प्रोग्राम लिहिण्याची जागा असते. बटणाची अट न घालता केवळ पुनःपुन्हा टाइप करण्याची सूचना दिली असेल, तर पाटी स्वतःच्याच प्रोग्राममध्ये अक्षरे घुसवत राहते आणि तो दुरुस्त करायलाही सवड देत नाही. म्हणून एखादा खटका ठेवून, तो बंद असताना पाटीने एकही कळ कळवू नये, अशी अट पहिल्या ओळीपासून घालणे शहाणपणाचे असते.

या पाटीचा खरा उपयोग कोठे होऊ शकतो हे पाहायला कोपरखैरणेहून फार दूर जावे लागत नाही. तेथे मोठ्या संख्येने राहणारे माथाडी कामगार ज्या बाजारात गोण्या वाहतात, त्या तुर्भे येथील पण लोकांच्या तोंडी ‘वाशी मार्केट’ म्हणून रुळलेल्या कृषी उत्पन्न बाजारासारख्या ठिकाणी सगळा व्यवहार वजनावर चालतो. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याला अनेकदा मागे सिरियल पोर्ट असतो आणि त्यातून वजनाचा आकडा, एकक आणि मधल्या मोकळ्या जागा सतत वाहत असतात. हिशोब मात्र एक्सेलसारख्या तक्त्यात ठेवला जातो आणि त्याला काट्याची भाषा येत नाही. मग कोणीतरी काट्यावरचा आकडा पाहून टाइप करतो आणि ५०.२५ चे ५२.०५ होण्याचा धोका प्रत्येक गोणीला राहतो. काटा आणि संगणक यांच्यामध्ये लिओनार्डोसारखी पाटी ठेवली, तर ती सिरियल प्रवाह वाचते, लागोपाठचे आकडे सारखे येईपर्यंत, म्हणजे पारडे स्थिर होईपर्यंत, थांबते, एकक आणि मोकळ्या जागा गाळते आणि बटण दाबताच केवळ आकडा, दशांशचिन्ह व एंटर टाइप करते. शेतकऱ्याच्या मालाचे वजन आणि हमालाची मजुरी ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा काट्यापासून वहीपर्यंत न बदलता पोहोचावा, यापेक्षा या तंत्राचा चांगला उपयोग शोधणे कठीण आहे. एक उणीव मात्र उरते: कळा ज्या खिडकीवर संगणकाचे लक्ष असेल तिथेच जातात, त्यामुळे कोणी मधेच दुसरी खिडकी उघडली तर वजन भलत्याच ठिकाणी लिहिले जाते.

बाहेरील उपकरणाशिवाय, संगणकाच्या आतूनही कळांचे अनुकरण करता येते. जावा भाषेत त्यासाठी रोबोट नावाचा वर्ग आहे, विंडोजमध्ये सेंडइनपुट हे फंक्शन आहे, लिनक्सच्या गाभ्यात यूइनपुट ही सोय आहे. परंतु या आतल्या अनुकरणांना दर्जे आहेत. वेबपानावरील जावास्क्रिप्टने कळ दाबल्याची घटना तयार केली, तर ब्राउझर तिच्यावर ती अविश्वसनीय असल्याची खूण ठेवतो आणि तिच्यामुळे रकान्यात अक्षर उमटत नाही. सेंडइनपुटने पाठवलेल्या कळेवरही, ती आतून घुसवलेली आहे अशी खूण विंडोज ठेवते आणि पाहणाऱ्या प्रोग्रामला ती दिसते. यूएसबीतून आलेल्या कळेवर मात्र कोणतीच खूण नसते. ती माणसाच्या बोटाची आहे की चिपची, हे सांगणारी काहीही माहिती त्या आठ बाइटांत नाही. सॉफ्टवेअरला फार तर वेगावरून अंदाज बांधता येतो, आणि स्कॅनर ओळखू पाहणारे अनेक प्रोग्राम दोन कळांमधला काळ मोजूनच तो बांधतात.

या निःशंक विश्वासाचा गैरफायदा घेता येतो. २०१४ साली लास व्हेगासमधील ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी यूएसबी उपकरणाच्या आतला प्रोग्राम बदलून, पेनड्राइव्ह म्हणून हाती आलेली वस्तू कीबोर्ड म्हणून आज्ञा टाइप करू शकते, हे दाखवले. गल्ल्यावरच्या किंवा कार्यालयातल्या संगणकात अनोळखी पेनड्राइव्ह लावू नये, हा सल्ला यामुळेच केवळ व्हायरसपुरता उरलेला नाही. पण हाच विश्वास काहींच्या आयुष्याचा आधारही झाला आहे. ज्यांचे हात चालत नाहीत अशा व्यक्तींनी फुंकरीने, मानेच्या हालचालीने किंवा एकाच मोठ्या बटणाने संगणक वापरावा, यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये सिरियल पोर्टवरून कळा कळवण्याची एक भाषा तयार झाली आणि विंडोज ९५ मध्ये सिरियलकीज नावाने तिची सोय देण्यात आली. सहायक उपकरणाला संगणकाने वेगळे न मानता कीबोर्डच मानावे, ही त्यामागची दृष्टी होती, आणि त्यामुळे अपंग व्यक्तीला वेगळ्या सॉफ्टवेअरची वाट पाहावी लागली नाही.

मराठीपुरता एक प्रश्न उरतो, तो ‘ॲ’चा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. मूळ इनस्क्रिप्ट त्याहून जुना असल्याने त्यात या अक्षराला जागा नव्हती. त्यामुळे कळा दाबूनच लिहिणारे उपकरण मूळ आराखड्यावर अ आणि त्यापाठोपाठ चंद्राची खूण अशा दोन कळा कळवते, आणि २३०९ व २३७३ असे दोन संकेत नोंदले जातात; ‘ॲ’चा स्वतःचा संकेत मात्र २४१८ हा एकच आहे. ग्राहकांच्या यादीत ‘ॲड.’ने सुरू होणारी वकिलांची नावे या दोन पद्धतींनी लिहिली गेली, तर एका पद्धतीने केलेल्या शोधात दुसरीची नावे सापडतीलच असे नाही. सेंडइनपुटला कळेच्या जागेऐवजी थेट युनिकोड संकेत देण्याची मुभा आहे, म्हणून अशा वेळी पाटीने कीबोर्डचे सोंग सोडून सिरियल नळीतून यूटीएफ-८ या पद्धतीने २२४, १६५, १७८ असे तीन बाइट पाठवावेत आणि संगणकावरील छोट्या प्रोग्रामने त्यांचा २४१८ करून तो सेंडइनपुटला द्यावा; मग कीबोर्ड इंग्रजीवर असो वा इनस्क्रिप्टवर, रकान्यात ‘ॲ’ उमटतो.